‘पाच हजार देल्ले, मिटलं’ म्हणण्याआधी : अपघाताच्या भरपाईबद्दल आपले दहा गैरसमज



कापूस वेचणीचे दिवस आले की सकाळी सात वाजता आपल्या प्रत्येक गावच्या फाट्यावर एकच चित्र दिसतं. डोक्याला रुमाल, हातात डब्याची पिशवी, आणि तिघींच्या ऑटोत नऊ-दहा जणी. रस्ते आता चांगले झाले. अमरावतीजवळच्या लोणीपासून मूर्तिजापूरजवळच्या मानापर्यंत ७५ किलोमीटर डांबराचा थर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. रस्ता चांगला झाला तशी गाड्यांची चालही वाढली. आपण मात्र त्याच ऑटोत, त्याच दाटीत.

मागच्या हंगामात आपल्या एका गटातली ताई अशीच वेचायला जात होती. मागून आलेल्या गाडीने ऑटोला धडक दिली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. गाडीवाल्याने दवाखान्यात येऊन पाच हजार रुपये हातात ठेवले, एका कागदावर अंगठा घेतला अन् गेला. ताईने गटातून पंधरा हजार उचलले, सोन्याची पोत गहाण ठेवली. चार महिने मजुरी बंद. गटाचे तीन हप्ते थकले तेव्हा ती बैठकीत रडत म्हणाली, “माहीच चूक हाय बाई. दाटून बसलो होतो न आमी. आता काय भेटनार हाय?”

त्या दिवशी वसुलीचा विषय बाजूला ठेवून आम्ही सगळ्या याच विषयावर बोललो. तेव्हा लक्षात आलं की पैसा नसण्यापेक्षा माहिती नसण्यानं आपलं जास्त नुकसान होते. त्या बैठकीत जे जे गैरसमज निघाले, ते एकेक करून इथं देत आहोत.

१. “सही केली, पैसे घेतले. आता दावा होत नाही.”

दवाखान्याच्या खाटेवर, दुखण्यात, चार हजार-पाच हजार घेऊन केलेली सही म्हणजे न्यायालयाचा निकाल नाही. रस्ता अपघाताची भरपाई किती, हे ठरवण्याचा अधिकार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला आहे. ते आपल्या जिल्हा न्यायालयातच बसते. असा कागद झाला असला तरी अर्ज करता येतो. पण समोरचा वकील तोच कागद दाखवून तुम्हाला अडचणीत आणतो, हेही खरं. म्हणून नियम एकच : औषधपाण्याला कोणी पैसे दिले तर घ्या, किती घेतले ते लिहून ठेवा, पण ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही-अंगठा करू नका. कागद वाचता येत नसेल तर गटाच्या सचिवाला बोलावल्याशिवाय हात लावू नका.

२. “गाडीवाला गरीब हाय. त्याच्यावर काहून केस करायची?”

आपल्या बायांचं मन मोठं असते. गाडीवाला ओळखीचा, बाजूच्या गावचा, त्याचीही लेकरं-बाळं. पण रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे. तो विमा गाडीवाल्याने भरला तो याच दिवसासाठी. बहुतेक वेळा भरपाईची रक्कम विमा कंपनी देते, गाडीवाल्याचं घर विकून नाही. चालकाकडे लायसन नव्हतं तरी घाबरू नका. अशा प्रकरणांत कंपनीने आधी जखमी माणसाला पैसे द्यावे आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावे, असा आदेश न्यायालयं देत आली आहेत.

गाडीचा विमा चालू आहे का, हे गाडीच्या नंबरावरून एमपरिवाहन ॲपवर पाहता येते. घरातल्या शिकलेल्या पोरा-पोरीला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

३. “आम्हीच दाटून बसलो होतो, म्हणजे चूक आमचीच.”

गाडी चालवणारा चालक असतो, मागे बसलेली मजूर बाई नाही. दोन गाड्यांची धडक झाली तर त्या दोघांपैकी कोणाची किती चूक, हा त्यांचा हिशोब. प्रवासी बाई दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं आहे. गाडीत परवानगीपेक्षा जास्त लोक असतील तर विमा कंपनीची जबाबदारी ठरलेल्या संख्येपुरती राहते, बाकीचं मालकावर येते. म्हणजे दाटून बसण्यानं नुकसान होतेच, पण हक्क संपत नाही.

जखमी माणसाची स्वतःची थोडी चूक असली, तरी तेवढ्या हिश्श्याची रक्कम कमी होते. सगळीच जात नाही. आणि कायद्यात एक वेगळं कलमही आहे. त्यात चूक कोणाची हे सिद्ध करायची गरज नाही : मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये. मात्र ही ठरावीक रक्कम स्वीकारली की जास्तीचा दावा पुढे चालत नाही. म्हणून कोणता मार्ग घ्यायचा, ते वकिलाशी बोलून ठरवा.

४. “मी तं घरीच राहतो, माही कमाई कुठं हाय?”

हा गैरसमज आपल्याला सर्वात महागात पडतो. अर्ज भरताना ‘व्यवसाय’ या रकान्यात आपण स्वतःच लिहून देतो : ‘काही नाही’.

सरकारच्या २०१९ च्या पाहणीत असं दिसलं की घरकामात बाई दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि पुरुष ९७ मिनिटं. हाच आकडा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ च्या निकालात दिला आणि सांगितलं की गृहिणीच्या कामाला पैशातलं मोल आहे, भरपाई ठरवताना ते धरलंच पाहिजे. त्याच्याही आधी २००१ मध्ये जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात याच न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल महिन्याला ३ हजार रुपये धरलं होतं.

आणि आपण तर नुसत्या गृहिणीही नाही. निंदण, वेचणी, शेळ्या, शिलाई, पापड-कुरडया, दूध, सगळंच करतो. इथं गटाची वही कामी येते. बचतीची नोंद, कर्जाची परतफेड, विक्रीच्या पावत्या, बँकेचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, हे सगळे तुमच्या कमाईचे पुरावे आहेत. म्हणून वह्या नीट ठेवा.

५. “हाड जुळलं, चालता येते. आता दावा कशाचा?”

भरपाई म्हणजे दवाखान्याचं बिल एवढंच नाही. त्यात इतक्या गोष्टी मोजल्या जातात : औषधोपचार, दवाखान्यात जाण्या-येण्याचा खर्च, जास्तीचा आहार, सांभाळायला ठेवलेलं माणूस, बुडालेली मजुरी, पुढे लागणारा उपचार, सोसलेल्या वेदना, आणि कायमचं अपंगत्व आलं असेल तर पुढच्या आयुष्यात कमी होणारी कमाई.

सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. डॉक्टरने दाखल्यावर लिहिलेली टक्केवारी आणि कमाईचं नुकसान हे एकच नाही. पाय थोडा आखडला तर खुर्चीवर काम करणाऱ्याचं फारसं अडत नाही. पण दिवसभर वाकून निंदण करणाऱ्या बाईची मजुरी अर्धी होते. हे न्यायाधिकरणाला सांगावं लागते, नाहीतर त्यांना कळणार कसं?

हिशोब कसा होतो ते पाहा. समजा ताईचं वय ३८, आणि कमाई महिन्याला ८ हजार धरली. वर्षाचे झाले ९६ हजार. वयाच्या ३६ ते ४० या गटासाठी १५ ने गुणायचं, असं ठरलेलं आहे : १४ लाख ४० हजार. कमाईची ताकद २० टक्के कमी झाली असं मानलं, तर २ लाख ८८ हजार. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि वेदनेची रक्कम वेगळी. हे फक्त समजण्यासाठीचं उदाहरण आहे, प्रत्येक प्रकरणात आकडे बदलतात. पण पाच हजार कुठं आणि हे कुठं!

६. “घाई काय हाय? सुगी झाली की पाहू.”

२०१९ मध्ये कायदा बदलला आणि १ एप्रिल २०२२ पासून नियम लागू झाला : रस्ता अपघाताचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा. आधी अशी मुदत नव्हती, म्हणून जुने लोक ‘कधीही करता येते’ असं सांगतात. त्यांचं ऐकू नका. या मुदतीच्या नियमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. त्यामुळे सहा महिने उलटून गेले असतील तरी ‘संपलं’ म्हणून घरी बसू नका, विधी सेवा कार्यालयात विचारा. पण आपल्या डोक्यात सहा महिनेच पक्के ठेवा.

अर्ज अपघात झाला तिथंच करावा लागतो असंही नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येतो. पुण्याकडे ऊसतोडीला, मुंबईला कामाला गेलेल्या माणसाचा अपघात झाला, तरी घरच्यांना तिकडे खेटे घालायची गरज नाही. आणि पोलिसांनीही अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. तो पाठवला का, हे ठाण्यात जाऊन विचारा. विचारणं हा आपला हक्क आहे.

७. “गाडी पळून गेली, नंबरच नाही. मग कोनाले मागनार?”

ठोकर मारून गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तरी मदत आहे. मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये, हे दर १ एप्रिल २०२२ पासून आहेत. अर्ज तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात द्यायचा आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर होते. पण पोलिसांत नोंद आणि दवाखान्याचे कागद असल्याशिवाय हे होत नाही.

उपचाराचंही लक्षात ठेवा. २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे : रस्ता अपघातातल्या जखमीला नेमलेल्या दवाखान्यात दीड लाखापर्यंत, सात दिवसांपर्यंत पैसे न भरता उपचार. म्हणून अपघात झाला की ११२ ला फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८. आणि जखमी माणसाला दवाखान्यात नेणाऱ्यावर पोलीस जबरदस्ती करू शकत नाहीत, नाव-पत्ता सांगायचीही सक्ती नाही. “उगाच आपल्या मागे लफडं” म्हणून कोणाला रस्त्यावर टाकून जाऊ नका.

८. “गाडीचा विमा हाय म्हणजे बसनाऱ्या साऱ्याइचा विमा हाय.”

हा उलट्या बाजूचा गैरसमज, आणि आपल्यासाठी फार धोक्याचा. छोटा हत्ती, ट्रॅक्टरची ट्रॉली, मालाची पिकअप ही मालवाहू वाहनं आहेत. त्यात बसून मजुरीला किंवा लग्नाला जाणाऱ्या लोकांची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आपला माल सोबत घेऊन जाणाऱ्या मालकाची गोष्ट वेगळी, त्याला संरक्षण आहे. बाकीच्यांना दावा गाडीमालकावरच करावा लागतो, आणि त्याच्याजवळ असेल तेवढंच मिळते. म्हणून मजुरीचा भाव ठरवतानाच मुकादमाला सांगा : ‘आमाले प्रवासी गाडी पाहिजे, ट्रॉली नाही.’ दहा जणी मिळून सांगितलं तर ऐकावं लागते.

दुसरं, नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसतो ते. फक्त सक्तीचा, सर्वात स्वस्त विमा काढला असेल आणि गाडी आपोआप घसरली, तर मागे बसलेल्या बाईला त्यातून काही मिळत नाही. पूर्ण विमा म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर मिळते. गाडी ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याकडे लायसन आहे, त्या मालक-चालकासाठी १५ लाखांचा अपघात विमा वेगळा असतो. विमा काढताना दोन-चारशे वाचवण्याआधी हे एजंटला विचारा.

९. “शेतात सापानं चावलं, वीज पडली, ते तं देवाचं. त्याची कायची भरपाई?”

राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना यासाठीच आहे. आधी ती विमा कंपनीमार्फत चालायची, २०२३ पासून सरकार थेट अनुदान देते. सर्पदंश, विंचूदंश, वीज पडणे, विजेचा धक्का, बुडणे, उंचावरून पडणे, जनावराचा हल्ला, फवारणी करताना झालेली विषबाधा, रस्त्यावरचा अपघात, बाळंतपणातला मृत्यू हे सगळं त्यात येते. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख. वय १० ते ७५. सातबाराधारक शेतकरी आणि त्याच्या घरातली सातबारा नसलेली एक व्यक्ती पात्र आहे. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात.

इथं दोन ठिकाणी गाडी अडते. एक, साप चावलेल्या माणसाला घरी आणून तशीच माती दिली, तर पुढे कागद मिळत नाही. दुःखात हे बोलणं जड जाते, पण पोलिसांत खबर आणि शवविच्छेदन करून घ्या. दुसरं, ज्यांच्याजवळ सातबाराच नाही अशा मजूर घरांना ही योजना लागू नाही. २०१७ मध्ये यवतमाळसह आपल्या भागात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्यात दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं फवारणारेही होते.

त्या घरांनी निदान पंतप्रधान सुरक्षा विमा योजना तरी घ्यावी. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायम अपंगत्वाला १ लाख. पैसे मे महिन्याच्या शेवटी खात्यातून कापले जातात. खात्यात २० रुपये नसतील तर विमा बंद पडतो, आणि आपल्याला वाटते चालूच आहे. जूनमध्ये पासबुक भरून पाहा. कित्येक घरात माणूस गेला, विमा होता, पण बायकोला माहीतच नव्हतं म्हणून कोणी बँकेत गेलंच नाही. अर्ज ३० दिवसांत बँकेत द्यायचा. आणि विम्याचे पैसे मिळाले म्हणून रस्ता अपघाताची भरपाई कापली जाईल ही भीतीही नको. आयुर्विम्याचे पैसे त्यातून वजा करायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं आहे.

१०. “वकील अर्धे पैसे घेते. आनं बाईचं ऐकते कोन?”

निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घेणं वकिलांना त्यांच्याच नियमांनी मना आहे. ‘आधी काही देऊ नका, मिळाल्यावर तीस टक्के द्या’ असं कोणी म्हटलं, तर सावध व्हा. दवाखान्याच्या दाराशी फिरणाऱ्या दलालाला कोरे कागद देऊ नका.

१९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे प्रत्येक बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो. यात उत्पन्नाची अट नाही. अकोल्याला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. फोन नंबर १५१००. प्रकरण लोकअदालतीतही मिटवता येते. तिथं लवकर होते, पण तिथला निकाल शेवटचा, त्यावर अपील नाही. म्हणून आकडा पटल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका.

नवरा गेलेल्या सखीसाठी एक गोष्ट. ‘दुसरं लग्न केलं तर भरपाई जाते’ असं सासरचे सांगतात. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की पुनर्विवाह हा भरपाई नाकारायचं कारण होऊ शकत नाही. आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जावयाकडे राहणाऱ्या सासूचाही हक्क मान्य केला. मिळालेल्या रकमेचा काही भाग न्यायाधिकरण बाईच्या किंवा लेकरांच्या नावानं बँकेत मुदत ठेवीत टाकते. ते पैसे अडकवणं नव्हे. भावकीनं उधार मागायला येण्याआधी ते सुरक्षित राहावे म्हणूनच ते असते.

गटाने काय करावं?

अपघात झालेल्या घरात शुद्धीवर कोणी नसते. म्हणून हे काम गटाचं. पुढची यादी कापून वहीला चिकटवा :

• पहिल्या दिवशी : गाडीचा नंबर, जागेचे आणि गाडीचे फोटो, पाहणाऱ्या दोघांची नावं. दवाखान्यात ‘पडली’ असं न सांगता ‘गाडीनं धडक दिली’ असं खरं कारण लिहून घ्या.
• पहिल्या आठवड्यात : पोलिसांत फिर्याद आणि तिची प्रत (ती फुकट मिळते). उशीर झाला असेल तर उशिराचं कारण लिहा, पण फिर्याद द्याच.
• पहिल्या ३० दिवसांत : बँकेत २० रुपयांच्या विम्याचा आणि कृषी कार्यालयात मुंडे योजनेचा अर्ज, लागू असेल ते.
• सहा महिन्यांच्या आत : न्यायाधिकरणात अर्ज.
• सगळे दिवस : औषधाची प्रत्येक पावती, ऑटोभाड्याची नोंद, एक्स-रे, सुट्टीचा कागद एका पिशवीत. मूळ कागद कोणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.

आता आपल्या त्या ताईचं. बैठक झाली तेव्हा अपघाताला चार महिने होऊन गेले होते. दुसऱ्या आठवड्यात गटाच्या अध्यक्ष आणि सचिव तिला घेऊन विधी सेवा समितीत गेल्या, वकील मिळाला, पाचव्या महिन्यात अर्ज दाखल झाला. कमाईच्या पुराव्याला गटाची वही लावली. निकाल अजून लागायचा आहे, आणि काय लागेल ते आज सांगता येत नाही. गटाने तिचे हप्ते पुढे ढकलले आहेत. मागच्या बैठकीला ती काठी टेकत आली, आणि शेजारच्या गावात एका बाईला ट्रॅक्टर लागल्याचं ऐकल्यावर सगळ्यांच्या आधी तिनंच विचारलं, “फिर्याद देल्ली का? कागदावर अंगठा तं नाही न लावला?”